पदवीत ‘पाणी’ हा विषय कसा बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका संलग्न कॉलेजात बीएच्या पहिल्या वर्षाला असलेली विद्यार्थिनी लिहिते: “माझे विषय भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. मला खरं तर पाण्याचा अभ्यास करायचा आहे. पण पाण्याचा थोडा भाग भूगोलात येतो, थोडा अर्थशास्त्रात, कायदा तर कुठेच नाही. माझा मामेभाऊ अमेरिकेत शिकतो, तिथे म्हणे स्वतःचा मेजर स्वतः आखता येतो. आपल्याकडे असं करता येईल का? बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या होतील, मुकाट्याने एक विषय घे आणि एमपीएससीच्या तयारीला लाग. दुसऱ्या वर्षाचा मेजर या महिन्यात ठरवायचा आहे.”

तुला ‘तू’च म्हणते, वर्गातली सवय आहे. मी एकोणीस वर्षं पुण्यात पदवीच्या मुलांना भूगोल शिकवते आहे आणि विषय निवडताना अडलेली मुलं बऱ्याचदा माझ्या टेबलापाशी येऊन बसतात. त्या अनुभवावरून सांगते. आपल्याकडे ‘जल अभ्यास’ असं नाव तुझ्या पदवीवर छापून मिळणार नाही. गुणपत्रिकेवर भूगोल किंवा अर्थशास्त्रच येईल. पण पदवीच्या आतल्या बऱ्याच जागा तुला एका धाग्यात ओवता येतात, आणि तसं करणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून परवानगीचा प्रश्न मी जरा मागे ठेवते. खरी अडचण आधीची आहे: तुला पाण्याबद्दल नेमकं काय शोधायचं आहे?

‘पाणी’ हा विषय नाही, ते एक मोठं गोदाम आहे. पुण्यापुरतंच बघ. पेशवाईत कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं होतं. ते कसं आणलं, कोणाच्या वाड्यापाशी हौद होता आणि कोणाच्या दारात नव्हता, हे विचारायचं असेल तर तुला इतिहास हवा, मोडी लिपी हवी. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर शहर कुठे आणि कसं वसवलं गेलं, हा प्रश्न असेल तर नगररचना आणि समाजशास्त्र लागेल. मुळा-मुठेच्या पाण्यात काय मिसळतं हे शोधायचं असेल तर रसायनशास्त्राशिवाय गत्यंतर नाही आणि बीएतून ते जमणं अवघड आहे, हे मी स्पष्टच सांगते. वाघोली-उंड्रीकडच्या सोसायट्यांना टँकर का लागतात, हे विचारशील तर काळ्या बेसाल्ट खडकात पाणी किती मुरतं, बोअर किती खोल गेल्या आणि बांधकामाच्या परवानग्या कशा मिळाल्या, या तिन्हींत शिरावं लागेल.

आणि चार धरणांच्या साखळीचा प्रश्न घेतलास तर? टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण 2,830 कोटी लिटर. त्यातलं पुण्याला किती, दौंड-इंदापूरच्या शेतीला किती, हे दरवर्षी कोण आणि कशाच्या आधारावर ठरवतं? इथे धरणांचा भूगोल लागतो. कालवा सल्लागार समितीत कोण बसतं हे राज्यशास्त्र आहे. 2005 चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम हा कायदा आहे. उसाला किती आवर्तनं, म्हणजे कालव्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या पाळ्या, लागतात आणि पाणीपट्टी किती बसते, हे अर्थशास्त्र आहे. वर मुठा मुळेत मिसळून भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळत असल्यामुळे मामला थेट राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादापर्यंत जातो. त्यातल्या पहिल्या, बच्छावत लवादानं महाराष्ट्राला 560 टीएमसी दिले, ती मर्यादा तुझ्या या छोट्या प्रश्नाच्याही डोक्यावर आहे.

प्रश्न बदलला की विषयांची यादी कशी बदलते, ते बघ. म्हणून मी मुलांना सांगते की विषयांची यादी घेऊन येऊ नका, प्रश्न घेऊन या. प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्याचं उत्तर काढायला कुठे जावं लागेल, ते त्या वाक्यातच दिसलं पाहिजे. “पाण्याचं व्यवस्थापन” यात काही दिसत नाही. “नव्या मुठा उजव्या कालव्याचं उन्हाळी आवर्तन शेवटच्या गावापर्यंत पोचतं का, आणि नाही पोचलं तर का?” यात कालवा दिसतो, महिना दिसतो, गाव दिसतं.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी अर्थशास्त्राची एक मुलगी होती. आई मंडईत भाजी विकायची. पहिल्या भेटीत ती म्हणाली, मला कृषी अर्थशास्त्र करायचं आहे. मी विचारलं, त्यातलं काय? दोन आठवडे ती काही बोलली नाही. मग एक दिवस येऊन म्हणाली, “मॅडम, शेतकऱ्याला मेथीच्या जुडीचे जेवढे मिळतात त्याच्या तिप्पट आई का घेते, आणि तरी आईच्या हातात का उरत नाही?” तिच्या तीन वर्षांचा अभ्यास त्या वाक्यात होता. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन ती उभी राहायची. तिची वही मी अजून विसरलेले नाही: दोनशे पानी, कोपरे ओलसर होऊन दुमडलेले, प्रत्येक पानावर पेन्सिलनं आखलेले रकाने आणि वर शीर्षकं आडत, हमाली, तोलाई, वाराई, टेंपो, घट. ‘घट’ हा रकाना तिनं स्वतः घातला होता, कारण आई रोज संध्याकाळी उरलेल्या सुकलेल्या जुड्या मोजायची आणि तो तोटा कुठल्याच पुस्तकात तिला सापडला नव्हता. त्या एका रकान्यासाठी तिनं संख्याशास्त्राचा पेपर घेतला, वाणिज्य शाखेतला हिशेबाचा पेपर ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मोकळा निवडविषय, म्हणून घेतला आणि प्रकल्पही त्यावरच केला. तिच्या गुणपत्रिकेवर ‘अर्थशास्त्र’ एवढंच आहे. पण मुलाखतीला गेली की ती वही टेबलावर ठेवते.

आता जागा कुठे आहेत ते बघू. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला सहा सत्रांत साधारण 132 क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजायची एककं, असतात. त्यात मेजर, म्हणजे मुख्य विषय, हा सगळ्यात मोठा आणि त्यात फार हलवाहलव करता येत नाही. मायनरला, म्हणजे जोडविषयाला, 18 ते 20, ओपन इलेक्टिव्हना 10 ते 12, ऑन जॉब ट्रेनिंगला 4, शिवाय फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाची काही. कॉलेजचा पॅटर्न कोणत्या वर्षाचा आहे, कॉलेज स्वायत्त आहे की संलग्न, यावर आकडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे तुझ्या कॉलेजची चालू वर्षाची रचना छापून समोर ठेव. पण मोकळी जागा ढोबळमानानं 35 ते 40 क्रेडिट, म्हणजे पदवीच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त. बहुतेक मुलं ही जागा “सोपं काय आहे”, “मैत्रीण काय घेते आहे” आणि “वेळापत्रकात शनिवार सुटा राहतो का” यावर भरतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तुझ्या प्रश्नाला हवी असलेली जागा नेमकी तीच आहे.

मेजर भूगोल घ्यावा की अर्थशास्त्र? मी भूगोलाची आहे, म्हणून माझा कल तिकडे जाणार हे धरून चाल. पण कसोटी एकच लाव: तुझ्या प्रश्नाचं उत्तर काढताना सगळ्यात जास्त वेळ तू काय करत असशील? नकाशे, उतार, पाऊस, धरणाच्या पातळ्या बघत असशील तर भूगोल. दर, पीक, खर्च, पाणीपट्टी यांचे तक्ते मांडत असशील तर अर्थशास्त्र. समितीच्या बैठका, आमदारांची भाषणं, कायद्याची कलमं वाचत असशील तर राज्यशास्त्र. मेजर म्हणजे तुझी काम करण्याची पद्धत. ती एकच असावी आणि पक्की असावी, कारण तीन पद्धती अर्ध्या-अर्ध्या आल्या की बाबा म्हणतात त्या चिंध्याच होतात. बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. ज्या मुलांनी मेजर कच्चा ठेवून बाकी रंगीबेरंगी गोळा केलं, त्यांना एमएच्या प्रवेशाला अडचण आलेली मी पाहिली आहे. काही ठिकाणी एमएला त्याच विषयाची पदवी मागतात. तुला पुढे कुठे जायचं आहे तिथली पात्रता आजच वाचून ठेव.

मायनर दुसऱ्या विद्याशाखेतला असला तरी चालतो, त्याच शाखेतला दुसरा विषय असला तरी चालतो. तुझ्या बाबतीत मेजर भूगोल असेल तर मायनर अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र, यात मला शंका नाही. ओपन इलेक्टिव्हचा नियम मात्र उलटा आहे: तो आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मुलांना ही कटकट वाटते. तुला ते वरदान आहे. विज्ञान शाखेकडून संख्याशास्त्र, संगणकावर माहिती हाताळणं किंवा पर्यावरण, वाणिज्य शाखेकडून हिशेब वाचणं, असं जे उपलब्ध असेल ते उचल. वीस वर्षांच्या पातळ्यांचा तक्ता समोर आला आणि सरासरीच्या पलीकडे काही काढता आलं नाही, तर प्रश्न कितीही चांगला असला तरी तू अडशील. एका वर्षी मी एका मुलाचा आराखडा संख्याशास्त्राशिवाय पुढे जाऊ दिला, कारण तो गणिताला घाबरत होता आणि मला त्याची कीव आली. तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे दोनशे विहिरींच्या नोंदी होत्या आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. ती चूक माझी होती. तेव्हापासून या एका बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

नकाशांसाठी क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर शिक. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. कौशल्याच्या क्रेडिटमध्ये कॉलेजनं ते दिलं असेल तर उत्तम, नसेल तर स्वतः शिक.

कायद्याचं काय? बीएत पाण्याचा कायदा मिळणार नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. त्यासाठी वाट ‘स्वयम’ची, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलची. या पोर्टलवरचे अभ्यासक्रम साधारण जानेवारी आणि जुलै अशा सत्रांत सुरू होतात, नोंदणी फुकट असते, परीक्षेचं शुल्क वेगळं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या विनियमांप्रमाणे एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे बाहेरून घेता येतात, पण त्यातले कोणते चालतील हे तुझं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. इथेच मुलं फसतात. एका दुसऱ्या कॉलेजातला मुलगा माझ्याकडे रडवेला होऊन आला होता. ‘स्वयम’चे दोन कोर्स त्यानं मन लावून केले, परीक्षा दिली, उत्तम गुण मिळवले. आधी विचारलं तेव्हा ऑफिसातून “हो, चालेल” असं तोंडी सांगितलं गेलं होतं. वर्षभरानं ती व्यक्ती त्या टेबलावर नव्हती, कोर्स मान्य यादीत नव्हते, आणि पाचव्या सत्रात त्याला ते क्रेडिट पुन्हा भरून काढावे लागले. म्हणून कोर्सला नाव नोंदवण्याआधी मा. प्राचार्यांच्या नावानं अर्ज कर, कोर्सचं नाव, क्रेडिट, आणि ते कशाच्या जागी धरायचे हे लिही, विभागप्रमुखांची सही घे आणि आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारलेली पोच घे. पोच फाईलला लाव. शिवाय अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात तिथलं, तुझं खातं उघडलेलं आहे ना, आणि त्यात क्रेडिट दिसतात ना, हे दर सत्राला बघत जा.

इथवरचं थोडक्यात: आधी एका वाक्यातला प्रश्न, मग त्या प्रश्नाच्या पद्धतीचा एक पक्का मेजर, मायनर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू, ओपन इलेक्टिव्हमध्ये आकडे, आणि बाहेरचं जे घेशील ते लेखी मान्यतेनं.

आता तुझ्या मामेभावाच्या मुद्द्याकडे येते. तो खरं सांगतो. ब्राऊन विद्यापीठात विद्यार्थी स्वतःचं ‘इंडिपेंडंट कॉन्सन्ट्रेशन’ मांडू शकतो, न्यूयॉर्क विद्यापीठाची गॅलॅटिन ही शाखा तर अशा स्वतः आखलेल्या अभ्यासासाठीच 1972 पासून चालते. पण तिथेही कोणी मनाला येईल ते गोळा करून पदवी नेत नाही. लेखी प्रस्ताव द्यावा लागतो, त्याला एखाद्या प्राध्यापकाचा आधार असावा लागतो. गॅलॅटिनमध्ये शेवटी प्राध्यापकांसमोर बसून आपण काय वाचलं आणि त्याचा एकमेकांशी काय संबंध, हे तोंडी सांगावं लागतं. ती चौकट आपल्याकडे कागदावर नाही, पण शिस्त उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. पुण्यातही खासगी विद्यापीठांत, उदाहरणार्थ फ्लेममध्ये, मेजर-मायनरच्या जोड्या जास्त मोकळ्या असतात. पण तेवढ्यासाठी कॉलेज बदलायचा आणि तो खर्च घरावर घालायचा सल्ला मी देणार नाही.

तर प्रस्ताव तूच लिही. एक पान, जास्त नाही. वरती प्रश्न, एका वाक्यात. खाली दोन परिच्छेद: हा प्रश्न का, आणि उत्तर कसं काढणार. मग सहा सत्रांचा तक्ता, प्रत्येक चौकटीत पेपरचं नाव आणि त्याच्यापुढे तो पेपर प्रश्नाच्या कुठल्या भागासाठी आहे ते चार शब्दांत. ज्या चौकटीपुढे चार शब्द सुचत नाहीत, तो पेपर बदल. शेवटी, तिसऱ्या वर्षाअखेरीस तुझ्या हातात काय असेल ते लिही: अहवाल, नकाशांचा संच, नोंदींची वही, जे असेल ते.

हे पान घेऊन एका शिक्षकाकडे जा. प्रवेशाच्या गर्दीत किंवा पेपर तपासणी चालू असताना जाऊ नकोस, आणि “मार्गदर्शन करा” असं मोघम म्हणू नकोस. “सर, हा तक्ता बघून चुकतंय ते सांगाल का?” असं विचार. शिक्षकांवर कामाचा बोजा किती असतो ते मी जाणते, पण नेमका प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला सहसा कोणी परत पाठवत नाही. कॉलेजात तुझ्या विषयाचं कोणी नसेल तरी एक शिक्षक हवाच, कारण तीन वर्षांत प्रश्न बदलणार आहे आणि तो बदलतोय हे तुझ्याआधी त्यांच्या लक्षात येईल.

फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पुण्यात राहून पाण्याचा अभ्यास करणारी मुलगी फार नशीबवान आहे. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती करून अभ्यास होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यात आहे. हवामान खातं शिवाजीनगरला, पाषाणला उष्णदेशीय हवामानाची संस्था. भूजलावर काम करणारी ॲक्वाडॅम आणि पाणीवाटपाच्या प्रश्नावर काम करणारी सोपेकॉम, दोन्ही इथल्याच. गोखले संस्थेचं ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे. कुठे प्रशिक्षणार्थी घेतात आणि कुठे नाही, हे दरवर्षी बदलतं, म्हणून सत्र सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधी पत्र पाठव, सोबत ते एक पान जोड. चार क्रेडिटचं ट्रेनिंग म्हणजे जवळपास 120 तास. एवढ्या वेळात तुला नवीन संशोधन करायचं नाही. जुन्या नोंदी संगणकावर चढवायचं काम दिलं तरी आनंदानं कर. आवर्तनाची नोंदवही कशी लिहितात, क्युसेक (सेकंदाला घनफूट) आणि टीएमसी यांचा मेळ कसा घालतात, कुठला आकडा मोजलेला असतो आणि कुठला अंदाजानं भरलेला, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही.

एमपीएससीबद्दल बाबांना सांग की राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि भूगोल, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था हे तिन्ही तिथे लागतातच. तुझ्या आराखड्यानं ती वाट बंद होत नाही. फक्त पुढची दोन वर्षं तू दोन्ही एकदम करणार का, हे घरात बसून मोकळेपणानं ठरवा. दोन्ही जमणारी मुलं मी पाहिली आहेत आणि दोन्हींत ओढाताण झालेलीही. तुला शिकवणीला किती वेळ जातो, घरचं काम किती आहे, कॉलेजला यायला दीड तास लागतो का, यावर ते ठरतं आणि ते मला इथून दिसत नाही. चौथ्या वर्षाचा ‘ऑनर्स विथ रिसर्च’चा पर्यायही असतो, त्यासाठी यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुणांची अट आहे. म्हणजे प्रश्नाच्या नादात पहिल्या वर्षाचे गुण सोडून देऊ नकोस.

मेजरचा फॉर्म भरायला तुझ्याकडे एक महिनाही नाही, तेव्हा या आठवड्यात एवढंच कर. सकाळी लवकर निघ आणि उजव्या कालव्याच्या काठानं हडपसरकडून फुरसुंगीपर्यंत जितकं जाता येईल तितकं चालत जा, वाटेत भेटणाऱ्यांना कालव्याला पाणी कधी येतं ते विचार, आणि वहीत त्यांच्याच शब्दांत लिही. मैत्रिणीला सोबत ने, पाण्याची बाटली आणि टोपी घे. मग पुढचं आवर्तन कधी सुटतं ते पाटबंधारे कार्यालयात विचार आणि पाणी वाहत असताना त्याच वाटेनं पुन्हा जा. दोन्ही दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवून प्रश्न एका वाक्यात लिहून बघ आणि मला पाठव. मी वाचून उत्तर देईन.